कागलपर्यंत

कागलचा स्टँड आला आणि आमचे हे नेहमीप्रमाणे उठले.

"बरं, सांभाळून जा. पोचलीस की मास्तरांच्या फोनवरनं कळीव," म्हणाले.

"बसा खाली," मी म्हटलं.

"अगं, गाडी सुटंल."

"सुटू दे की. भाचीच्या लग्नात मामा तुम्ही हाय, मी न्हवं."

बसमधल्या माणसांनी माना वळवल्या. पुढच्या बाकावर एक म्हातारा गुळाची ढेप मांडीवर घेऊन बसला होता, तो तर पूर्ण फिरूनच बसला. ह्यांना चारचौघांत कुणी बोललेलं खपत नसे, त्यातून बायकोनं तर नाहीच. मिशी थरथरली. "हौसाला मी तोंडावर सांगितलंय. पुन्ना पुन्ना तेच दळण नको," एवढं बोलून हे तरातरा उतरले. कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतून बघितलं तर हे पाठमोरे चहाच्या गाड्याकडे चालले होते. मीही हाक मारली नाही. माझाही त्या दिवशी पारा चढलेला होता.

असं आमचं अठरा वर्षं चाललं होतं. मी बेळगावला निघाले की हे कोल्हापुरातून माझ्यासोबत बसायचे, कागलपर्यंत यायचे, उतरायचे, चहा प्यायचे आणि उलट्या गाडीनं घरी जायचे. कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल, पुलाच्या पलीकडे कर्नाटक. तिथे ह्यांचं जाणं बंद होतं.

बंद कुणी केलं? ह्यांनीच. बिंदू चौकात सीमाप्रश्नाची मोठी सभा झाली होती. तिथे पाच-सहा तरुणांनी स्टेजवर चढून शपथ घेतली, की बेळगाव महाराष्ट्रात येत नाही तोवर त्या हद्दीत पाऊल टाकणार नाही. टाळ्या पडल्या, गळ्यात हार पडले. पुढे त्यातला एक गोकाकचा धबधबा बघून आला, एकानं लेक धारवाडला दिली, आणि एकाचा गुळाचा व्यापारच तिकडे, त्यानं तर एक पावसाळासुद्धा कळ काढली नाही. राहिले आमचे श्रीपतराव इंगवले. दिलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द, असा माणूस. आमची सगळी गल्ली सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला जायची, हे घरातून नारळ पाठवायचे. "देवीला कळतंय माझं," म्हणायचे. बेळगावचा कुंदा मात्र मी आणला की दोन वेळा मागून खायचे. कुंद्याला शपथ लागू नव्हती.

उगाच हसण्यावारी नेत नाही. ह्यांचं म्हणणं मला पटायचं. "जिथं आपल्या भाषंला मान न्हाई, तितं जाऊन त्यांच्या गाडीचं तिकीट काढायचं, त्यांच्या हाटेलात चार पैसे द्यायचे, आन् वर म्हणायचं आमच्यावर अन्याव होतोय? माणसानं एका जागी तरी ताठ ऱ्हावं." पण त्या गाडीचं तिकीट मी दरवर्षी काढत होते. शपथ फक्त ह्यांची होती. बायकांना त्या सभेत कुणी विचारलंच नव्हतं.

आणि खरी अडचण अशी, की ज्यांच्यासाठी ही शपथ, त्यांच्यातच ह्यांची सख्खी बहीण राहत होती. हौसावन्सं माझ्या नणंद. शपथेच्या आधी चार वर्षं त्यांना बेळगावात परशराम हुंदऱ्यांना दिलेली. परशरामरावांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मोर्चात लाठी बसून त्यांचा डावा खांदा कायमचा गेलेला, तो हात कानाच्या वर जात नसे. वन्सं दर दिवाळीला भाऊबीजेला कोल्हापूरला येत, ओवाळत, परत जात. त्यांच्या बाळंतपणाला मी गेले. त्यांनी घर बांधलं, वास्तुशांतीला मी गेले. भाऊ कागलपर्यंत.

लेकीच्या, शैलजाच्या, लग्नाच्या महिनाभर आधी त्या पत्रिका घेऊन आल्या. आमच्याकडे पहिली अक्षत देवाला, दुसरी मामाला. पाटावर बसवून ह्यांच्या हातात अक्षता दिल्या आणि म्हणाल्या, "दादा, शैलूच्या पाठीशी मामा उभा ऱ्हायला पायजे."

"लगीन हिकडं कर. हॉल मी घेतो, जेवण माझं."

"माझी गल्ली उचलून आणू काय हिकडं? बावीस वर्षं त्या माणसांत काढलीत मी."

"हौसा, तुला ठावं हाय…"

"ठावं हाय. म्हणून सांगून ठेवते. तू आला न्हाईस, तर शेजारचे इराण्णा मास्तर उभे ऱ्हातील. शैलूला त्यांनीच अक्षरं गिरवाय शिकिवलीत. आन् मग ह्यापुढं भाऊबीजंला माझी वाट बघू नको. ओवाळायला मला तितं भाऊ झाला आसं समजीन."

वन्सं आवाज चढवून बोलत नसत. त्या दिवशीही चढवला नाही. त्यामुळेच मला धडकी भरली. त्या बोलल्याप्रमाणे करणाऱ्या होत्या. दोघंही एकाच आईच्या दुधावर वाढलेली.

दुसऱ्या दिवशी हे स्वतः जाऊन मामाची साडी घेऊन आले. पिवळीधमक, हिरव्या काठाची. नवरीनं ती नेसून गौरीहरापुढे बसायचं असतं, मग मंगलाष्टका. महिनाभर ती साडी कपाटात होती आणि हे अधूनमधून कपाट उघडून बघत होते. मला वाटलं, येतील. वाटणारच की. आणि त्या दिवशी बसमध्ये त्या साडीची पिशवी हे मांडीवर घेऊन बसले होते. वर फळीवर ठेवू देईनात, खाली पायापाशी ठेवू देईनात.

निपाणी मागे पडली तेव्हा मी फळीकडे बघितलं, मग बाकाखाली, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर. पिशवी नव्हती. रागाच्या भरात हे तसेच पिशवी घेऊन उतरले होते.

बेळगावात पोचले तर दारात मांडव, गल्लीभर माणसं, दळून ठेवलेल्या हळदीचा डबा. वन्संनी आधी माझ्या मागे बघितलं. मग माझ्याकडे.

"न्हाई आला?"

"वन्सं, साडीबी ऱ्हायली. त्यांच्याच हातात." मी सगळं सांगितलं.

इराण्णा मास्तर शेजारून आलेच होते. उंच, हाडकुळा माणूस, गळ्यात टॉवेल, कन्नड शाळेतून निवृत्त झालेला. मराठी बोलायचे, पण प्रत्येक शब्द नीट ठेवून. "फोन लावा घरी," म्हणाले. त्यांच्या घरून लावला. आमच्या खाली वाण्याचं दुकान होतं, तिथे फोन. वाणी म्हणाला, श्रीपतराव घरी आलेच नाहीत. दोन तासांनी पुन्हा लावला, तेच. आता मात्र मला काळजी लागली.

संध्याकाळी हळद लागली. वन्संच्या जाऊबाई म्हणाल्या, "बाजार जवळच हाय, एक पिवळी साडी आणून टाकू. कुणाला काय कळतंय?"

वन्सं म्हणाल्या, "मामाची साडी दुकानात मिळती व्हय? आली तर नेसंल, न्हाई तर आईच्या साडीवर बसंल." आणि मास्तरांकडे वळून, "मास्तर, उद्या तुम्ही पांढरं धोतर नेसा."

"मी उभा राहीन," मास्तर म्हणाले. "पण ते आले तर मला आनंद होईल. लिहून घ्या."

शैलजा नवरी. हळदीच्या अंगानं तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मामी, मामाला मी आवडत न्हाई काय?" काय सांगायचं त्या पोरीला? भाऊबीजेला आईबरोबर येऊन ती मामाच्या खांद्यावर बसून रंकाळ्यावर फिरली होती. आणि त्याच मामाला तिची शाळा कुठली, घराचा दरवाजा कुठल्या दिशेला, काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला ह्यांचा इतका राग आला, की समोर असते तर त्या स्टेजसकट उचलून दूधगंगेत टाकलं असतं.

सकाळी माळीण मुंडावळ्या आणि हार घेऊन आली. तिच्या टोपलीवर आमची पिशवी होती.

"कोपऱ्यावर एक मिशीवालं पावणं हाइत," ती म्हणाली. "हुंदऱ्यांच्या घरात दे म्हणालं. आत चला म्हटलं तर न्हाई म्हणालं."

वन्सं तव्यापाशी बसल्या होत्या, सवाष्णींसाठी पोळ्या करत. हात तसेच पिठाचे, डोक्यावर पदर, अनवाणी चालत निघाल्या. मी मागोमाग. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे. त्याच्या कट्ट्याच्या आडोशाला हे उभे होते. अंगावर कालचेच कपडे, दाढी वाढलेली. देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभे, जशी काही तिथे नोटीस लावली आहे आणि हे ती वाचताहेत.

"दादा."

हे वळले. "साडी द्यायची ऱ्हायली होती. दिली."

"कुठं व्हतास काल?"

"कागलात. गणू लोहाराकडं ऱ्हायलो." मग हळू आवाजात, "तीन कंडक्टर गाठले. तिघंबी बरे होते, देतो म्हणाले. पर भाचीची साडी अशी परक्याच्या हातात कशी द्यायची गं? हात पुढं होईना."

"मग आता माळणीच्या हातात दिलीस ती?"

हे पुन्हा भिंतीकडे वळले.

"आत चल."

"आत तुझी सगळी मंडळी असणार. सीमाप्रश्नाच्या समितीची. त्यास्नी मी काय तोंड दाखवू? अठरा वर्षं ज्यांनी माझं नाव घेतलं…"

तेव्हा मला कळलं. पूल ओलांडणं ह्यांना जमलं होतं. ह्या गल्लीतली माणसं ओलांडणं जमत नव्हतं.

तोवर परशरामराव आले. नवरीचा बाप, डोक्याला फेटा बांधायला घेतलेला, अर्धा बांधलेला, अर्धा खांद्यावर लोंबतोय. फेटा बांधायला दोन्ही हात वर लागतात, त्यांचा एकच जात होता. ते मेव्हण्यासमोर उभे राहिले आणि हसले.

"या पावणं."

"परशरामराव, रागावू नका. तुमच्यासाठीच घेतली होती ती शपथ."

"ठावं हाय की. इथल्या सभंत मीच सांगतो ती. कोल्हापूरचे इंगवले बघा, आजून पाऊल टाकलं न्हाई म्हणून. टाळ्या बी पडत्यात." परशरामरावांनी फेट्याचं टोक सावरलं. "पर दादा, आज तुम्ही सोताहून आलाय म्हणून सांगतो. तुम्ही आला न्हाईसा, त्येनं बंगळूरच्या साहेबाचं काय अडलं? त्येला तुमचं नावबी ठावं न्हाई. आडलं ते हिचं. पोरगीचं बारसं झालं, मामा न्हाई. घर बांधलं, मामा न्हाई. हितं मराठी बोलणारी माणसं कमी पडत्यात म्हणून आपण भांडतोय, आन् तुम्ही त्यातलं आनी एक कमी केलंसा."

ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता उलट बोलतील. पण हे पुढे झाले, परशरामरावांच्या खांद्यावरून लोंबणारं ते फेट्याचं टोक हातात घेतलं आणि म्हणाले, "जरा वाका. मी बांधतो."

देवळाच्या कट्ट्यावरच फेटा बांधून झाला. कोल्हापुरी. वन्सं म्हणाल्या, "दादा, पोळी करपली असंल माझी," आणि पुढे चालू लागल्या. हे त्यांच्या मागून.

मांडवात माणसं उठून उभी राहिली. कुणी टोमणा मारला नाही. एक म्हातारे गृहस्थ तेवढे म्हणाले, "आलासा? बरं केलंसा," आणि बसायला जागा दिली. इतकंच. ह्यांना वाटत होतं आभाळ कोसळेल. चहा आला.

शैलजा पिवळी साडी नेसून गौरीहरापुढे बसली. मुहूर्ताला हे आत गेले, तिला हाताला धरून बाहेर आणलं. पाटाच्या मागे इराण्णा मास्तर स्वच्छ धोतरात उभे होते. ह्यांना बघताच बाजूला झाले.

"मास्तर, तुम्ही असू द्या की," हे म्हणाले.

"नाही नाही," मास्तर म्हणाले. "बसमध्ये रुमाल टाकतात ना, तसा मी होतो. जागा तुमची." आणि सरळ आचाऱ्याकडे गेले, भात शिजला का बघायला.

लग्न लागलं. वरात दुपारी गेली. मांडव रिकामा झाला, बायका भांडी गोळा करू लागल्या. मी हात धुऊन आत आले तर वन्सं ह्यांना घर दाखवत होत्या. हे माजघर. ह्या भिंतीला ओल येत होती, आता न्हाई येत. हितं शैलू अभ्यासाला बसायची. ही मोरी मालकांनी सोता बांधली. हे हातात पाण्याचा तांब्या धरून त्यांच्या मागे खोल्याखोल्यांतून फिरत होते, प्रत्येक ठिकाणी थांबत होते, वर आढ्याकडे बघत होते. परसात तुळस होती, विहीर होती. विहिरीत वाकून बघितलं.

"पाणी बारा म्हैने?"

"बारा म्हैने."

"घर चांगलं बांधलंय गं हौसा," हे म्हणाले.

आणि वन्सं तिथेच विहिरीच्या काठाला टेकून रडायला लागल्या. लेकीच्या पाठवणीला डोळ्यांत टिपूस नव्हतं. मी त्यांच्या घराला चांगलं म्हटलंच होतं, वास्तुशांतीपासून म्हणत होते. पण मी भावजय. हे माहेरच्या माणसाच्या तोंडून यायला लागतं. हे गडबडले, तांब्या कुठे ठेवावा कळेना. शेवटी माझ्या हातात दिला आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

वन्सं आजही म्हणतात, वैनी, ती पिशवी तुम्ही मुद्दाम त्यांच्या हातात ठेवली असणार. नाही हो. तेवढी हुशार असते तर अठरा वर्षं कागलचा चहा ह्यांना पिऊ दिला नसता.

ह्यांनी चळवळ सोडली असं मात्र कुणी समजू नये. उलट जोर चढला. पुढच्या नोव्हेंबरात बेळगावात सीमाभागातल्या मंडळींचा मोर्चा होता, त्याला जायचं ठरलं. परशरामराव एकटे का चालतील, म्हणाले. चार जीपा निघाल्या. मीही बसले, म्हटलं मला नणंदेकडे जायचंय, मोर्चा तुमचा तुम्ही बघा. कागल गेलं, पूल आला, पुलाच्या पलीकडे नाक्यावर पोलीस आडवे उभे. पुढे सोडणार नाही म्हणाले. नावं विचारली, लिहून घेतली. ह्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, श्रीपतराव दाजीबा इंगवले. वादावादी झाली, घोषणा झाल्या, आणि जीपा परत फिरवल्या.

कागलच्या स्टँडवर एसटीडी बूथ होता. ह्यांनी मास्तरांच्या घरी फोन लावून वन्संना बोलावून घेतलं. मी रिसीव्हरला कान लावून उभी होते.

"हौसा, येणं हुईना गं. नाक्यावर आडीवलंय. नाव लिहून घेतलं, आन् माघारी धाडलं." ह्यांच्या आवाजात शरम होती. आपण पुन्हा शब्द मोडला असं वाटत होतं ह्यांना.

तिकडून वन्सं हसायला लागल्या.

"दादा, अठरा वर्षं तू येत न्हवतास, ते फकस्त मला कळत होतं. आज त्या बंगळूरच्या साहेबाला बी कळलं."

ह्यांनी रिसीव्हर घट्ट धरला. "परवा येतो," म्हणाले.